परबकाकांचा किरणशूळ

आम्ही ठाकुर्लीच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी, सामान अजून टेम्पोतच असताना, समोरच्या दारातल्या गृहस्थांनी माझ्यावर बंदूक रोखली. बंदूक पितळेची होती, हातभर लांब, आणि तिच्या तोंडाशी मिटलेल्या कळीसारखं काहीतरी होतं. मी हातातली तुळशीची कुंडी छातीशी घट्ट धरली. गृहस्थ म्हणाले, "घाबरू नका, बॅटरी काढलीय. जरा बाजूला व्हा, तुमच्या मागच्या भिंतीचं अंतर बघतोय." मी निमूट बाजूला झाले. त्यांनी एक डोळा मिटून भिंत न्याहाळली, "तीन मीटर दहा" असं स्वतःशी पुटपुटले, "पाणी हवं असेल तर बेल मारा" असं मला सांगितलं आणि दार लावून घेतलं. परबकाकांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

दत्ताराम परब मूळचे कणकवलीकडचे. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. पत्र्याच्या वस्तू ज्या साच्यांतून निघतात ते साचे तासण्यात चौतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात, नाहीतर सुनेला स्वयंपाक शिकवतात. परबकाका विज्ञानकथेतली शस्त्रं बनवू लागले. म्हणजे खरं तर एकच शस्त्र. तेच पुन्हा पुन्हा. मी आले तेव्हा सातवं चालू होतं, आता काचेच्या कपाटात अकरा आहेत, आणि मला विचाराल तर अकराही सारखीच दिसतात. हे मी एकदा त्यांच्यासमोर बोलले आणि दोन दिवस त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आतला लेझर अगदी बेताचा. सर फळ्यावर लाल ठिपका पाडून दाखवतात ना, तसला. पण काकांची शिस्त तोफखान्याची. बॅटरी घालायच्या आधी गॉगल लावायचा, दाराला आतून कडी घालायची, आणि किरण कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही. एकदा माझ्या नवऱ्याने गंमत म्हणून नळी स्वतःकडे वळवून आत डोकावून पाहिलं. काका एरवी शुद्ध बोलतात, पण चिडले की थेट मालवणीत उतरतात. "डोळे फुकट गावले काय रे तुका?" असं म्हणून त्यांनी ती हातातून काढूनच घेतली. तेव्हापासून आमचे हे त्यांच्याकडे चहाला गेले की हात मांडीवर ठेवून बसतात.

काकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात. एक टॉलरन्स, म्हणजे मापात खपण्याजोगा फरक. चहात साखर किंचित जास्त पडली तर "टॉलरन्समध्ये आहे" म्हणून पितात. धाकटा जावई पहिल्यांदा घरी येऊन गेला, तेव्हा काकूंनी विचारलं, कसा वाटला? "टॉलरन्समध्ये आहे," काका म्हणाले, आणि लग्न ठरलं. दुसरा शब्द ड्रॉइंग. कुणी म्हणालं, काका, मूठ जरा जाड करा, धरायला बरी पडेल, की काका शांतपणे सांगणार, "ड्रॉइंगमध्ये तशी नाही." हे ड्रॉइंग मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि या शस्त्राचं नाव किरणशूळ. त्याला बंदूक म्हटलेलं काकांना खपत नाही. या हट्टापायी खोपटच्या एसटी डेपोत एकदा भलताच प्रसंग ओढवला. काका दसऱ्याला गावी निघालेले, पिशवीत नववा नमुना. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, तर हे गावच्या देव्हाऱ्यात कोयत्याशेजारी ठेवायचं, असा बेत. डेपोत एका पोलिसाला पिशवीचा आकार पाहून शंका आली. "काका, काय आहे?" त्याने विचारलं. काकांनी ताठ मानेने खरं ते सांगितलं, "किरणशूळ आहे." पोलिसाचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरे बापरे. उभे नका राहू तुम्ही. माझ्या आईलापण पोटशूळ आहे, फार वाईट दुखणं. औषध चालू आहे ना?" त्याने खुर्ची आणवली, पाणी दिलं, आणि गाडी लागल्यावर पिशवी स्वतः उचलून खिडकीच्या सीटवर ठेवली. काका हे हसत सांगत नाहीत. "माणूस चांगला होता, पण मराठी कच्चं," असं म्हणतात.

किरणशूळाची करामत अशी की त्याचा किरण वळतो. घोड्याच्या जागी कळ आहे. ती दाबली की तोंडाशी तीन पाकळ्या उघडतात, एका पाकळीच्या आत आरसा बसवलेला असतो आणि किरण काटकोनात फिरून बाजूला जातो. म्हणजे भिंतीआड उभं राहून पलीकडच्या शत्रूला टिपता येतं. परबांकडे पलीकडे स्वयंपाकघर आहे. त्यामुळे काका हॉलमध्ये चाचणी घेत आणि लाल ठिपका काकूंच्या कणकेवर येऊन बसत असे. काकू त्याच्यावर परात उपडी घालत.

सुलभाकाकू म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होत्या. बोलणं मोजकं, नजर अशी की अजूनही त्यांच्यासमोर मी साडीच्या निऱ्या सारख्या करते. कपाटातल्या अकरा किरणशूळांना त्या एकच शब्द वापरत, 'तुमचा पसारा'. दर शनिवारी तो पसारा मात्र त्याच पुसत, मऊ फडक्याने, पाकळ्यांच्या आतूनसुद्धा. मी म्हणायची, काकू, तुम्ही धन्य आहात. "धूळ बसते," एवढंच त्या म्हणायच्या.

सोसायटीत सगळ्यांची खात्री होती की हे कुठल्यातरी इंग्रजी सिनेमातलं आहे. आमच्या ह्यांनी एक अख्खा रविवार फोनवर शोधण्यात घालवला आणि काही सापडलं नाही. काकांना विचारलं तर, "सिनेमातलं नाही, गोष्टीतलं आहे." कुठल्या गोष्टीतलं? "आहे एका."

हे गुपित फुटलं ते एका फॉर्ममुळे. डोंबिवलीत विज्ञानकथेच्या चाहत्यांचा एक गट आहे, त्यांनी हौशी लोकांनी केलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन ठरवलं. गटातली अदिती नावाची चुणचुणीत मुलगी माझ्या ऑफिसात आहे. मी तिला काकांकडे नेलं. तिने किरणशूळ हातात घेतला आणि म्हणाली, "काका, कसलं भारी बनवलंय. आणायचंच हां हे." फॉर्म ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी तो भरलेला फॉर्म मी पाहिला. 'मूळ कलाकृती' या रकान्यात काकांनी लिहिलं होतं, 'आहे.' त्यापुढे 'कुठे पाहायला मिळेल?' तिथे, 'नाही.'

अदितीचा फोन आला. "असं चालत नाही गं ताई, रेप्लिका म्हणजे ओरिजिनल दाखवायला लागतं. त्यांना सांग ना, स्वतःची कल्पना म्हणून टाका, तो वेगळा विभाग आहे. मस्त बक्षीस मिळेल त्यात."

मी निरोप दिला. काकांनी मान हलवली. "वीणा, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर आपलं नाव घालायचं नसतं. चौतीस वर्षांत घातलं नाही, आता काय घालू?" मग त्यांनी कानोसा घेतला. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून, कानशींच्या खालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोनशेपानी वही काढली. खाकी कव्हर, वर वळणदार अक्षरात, 'किरणशूळ. लेखिका सौ. सुलभा द. परब.'

मी बघतच राहिले. कॅप्टन मालती नावाची एक बाई, मंगळावरच्या बोगद्यांत एकटी, हातात पितळेचा किरणशूळ. लांबी, कड्या, पाकळ्या, सगळं नीट शिक्षिकेच्या काटेकोरपणाने लिहिलेलं. वहीच्या शेवटी टाचणीने एक पत्र लावलं होतं, कुठल्याशा दिवाळी अंकाच्या कचेरीचं. 'कथा रंजक आहे. परंतु वळणाऱ्या किरणाचे शस्त्र संभवनीय वाटत नाही. साभार परत.'

"तेवढ्यावरून लिहिणं टाकलंन तिने," काका म्हणाले. "वही रद्दीत घातलीन. मी रद्दीवाल्याच्या मागे नाक्यापर्यंत धावलो. संभवनीय नाही म्हणजे काय? टूलरूमवाल्याला विचारलंत का? तेव्हा नोकरी, दोन मुली, जमलं नाही. रिटायर झालो आणि बसलो."

"काकूंना माहीत आहे, वही तुमच्याकडे आहे ते?"

"नाही. पण शस्त्र ओळखलं नसेल असं कसं होईल? रोज डोळ्यांसमोर आहे. एकदाही बोलली नाही." ते कव्हरावरून अंगठा फिरवत राहिले. "मला बक्षीस नको गं. तिने एकदा म्हणावं, हे माझं आहे. अकरा केले. आता बारावा करायची ताकद नाही."

मला त्या क्षणी काकूंचा राग आला. इतकं कशाला अडून बसायचं माणसाने?

फॉर्म आम्ही पुन्हा भरला. अदितीने आयोजकांशी भांडून तो मंजूर करून घेतला, अप्रकाशित कथा म्हणून. काकूंना तिथे आणायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या, म्हणून मी सांगितलं की डोंबिवलीत पितळेच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. अगदीच खोटं नव्हतं. काकू ठेवणीतली साडी नेसून, एका पातेल्याच्या आशेने माझ्याबरोबर आल्या.

हॉलमध्ये शिरताच त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पाचवीत गृहपाठ विसरले होते, त्यानंतर इतकी भीती मला वाटली नव्हती. मग त्या सरळ काकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. किरणशूळाशेजारी काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला पुठ्ठा होता: 'मूळ कथा: सौ. सुलभा परब. प्रतिकृती: द. परब.' काकूंनी तो वाचला, आणि वाचून झाल्यावरही त्यावरून नजर काढली नाही. टेबलापलीकडे काका पाय जुळवून उभे होते, डोळ्यांवर गॉगल, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मागे दहाबारा माणसांची रांग लागली.

काकूंनी कळ दाबली. पाकळ्या उघडल्या.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "काय चुकलं?"

"किरण उजवीकडे वळतोय. डावीकडे वळायला हवा. मालती डावखुरी आहे."

शेजारी उभ्या असलेल्या अदितीला या कोण ते ठाऊक नव्हतं. "काकू, तुम्हाला कसं माहीत?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?" काकू वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "माझी आहे ती. मी लिहिलीय."

काकांनी पिशवीतून वही काढली आणि भराभर पानं उलटायला लागले. "अगं, पण डावखुरी कुठे आहे? मला सगळी पाठ आहे. एका पानावर नाही तसं."

काकूंनी वहीकडे पाहिलं आणि टेबलाचा काठ धरला. "ही रद्दीत गेली होती ना?"

"ते राहू दे. कुठे लिहिलंयस ते सांग."

"लिहिलं नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पुढच्या भागात येणार होतं."

"पुढचा भाग होता?"

"तीन होते. आहेत अजून डोक्यात. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

परबकाका खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या वहीतला प्रत्येक शब्द मोजून पितळेत उतरवला होता, पण तिच्यापलीकडे काही असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी गॉगल काढला, रुमालाने डोळे पुसले, आणि शेजारची खुर्ची काकूंसाठी ओढली.

"मग सांग. पुढे काय होतं?"

"इथे? लोक उभे आहेत."

"उभे राहू देत."

काकू बसल्या. पर्स मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तर मालती त्या बोगद्यात आहे, आणि बाहेरून कोणीतरी तिला नावाने हाक मारतंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी पाठ फिरवली आणि रांगेतल्या लोकांना पुढच्या टेबलाकडे जायला सांगू लागले.