तानू सुगरणीने सिस्टीम घेतली

एका जंगलात, मुलांनो, रेंज अजून फक्त झाडांच्या शेंड्यांवर यायची. पण वेबसाइट मात्र झुडपातल्यांनाही हवीशी झाली होती. त्या काळातली ही गोष्ट.

तिथे विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर तानू सुगरण आणि तिचा नवरा भिवा राहत. खोपे विणून द्यायचा त्यांचा छोटासा धंदा होता. गवताची हिरवी पात चिरायची, विणायची, आणि खोपा वाऱ्यावर फार झुलू नये म्हणून आत ओल्या मातीचे गोळे लावायचे. तानूचा खोपा कधी गळला नाही.

गिऱ्हाइकं यायची, फांदीवर टेकायची, घरच्या गोष्टी बोलायची. बोलता बोलता तानूला कळायचं की कुणाला दार अरुंद हवं, कुणाच्या सासूबाईंना खाली बघितलं की चक्कर येते. ती तसं विणायची. धंदा बरा चालला होता, म्हणजे त्यात सुधारणा करायची वेळ झाली होती.

एकदा शहरातून पारवेभाऊजी आले. शहरात ते एका मोठ्या कंपनीच्या एसीच्या डब्यामागे राहत. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं त्यांना सगळं कळतं, असा जंगलात समज होता.

"वहिनी, कस्टमर कुठे ठेवता?" त्यांनी विचारलं.

"फांदीवर," तानू म्हणाली. "येतात, बसतात, जातात."

"म्हणजे डेटा नाहीच! आणि वेबसाइट?"

"बाभूळ लांबून दिसते की सगळ्यांना."

पारवेभाऊजी बराच वेळ नुसतेच घुमत राहिले. मग म्हणाले, "त्या कावळ्याकडे बघा. घरटं चार काटक्यांचं. पण वेबसाइटवर फोटो असा, की गरुडाने राहायला यावं."

हे मात्र तानूला लागलं. भिवा म्हणाला, "अगं, आपल्याला पुरतंय की." पण तिने पारवेभाऊजींना चांगलंसं सॉफ्टवेअर बघायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअर विकणारे सरडेसाहेब कुंपणावर हजर झाले.

"गिऱ्हाइकाची आवडनिवड यात राहते?" तानूने विचारलं.

सरडेसाहेबांनी मान हलवली.

"वेबसाइटही यातच?"

मान हलली.

"आमच्या ह्यांना इंग्रजी येत नाही. चालेल?"

मान जोरात हलली. मुलांनो, सरडा उन्हात बसला की मान हलवतोच. त्याचा होकाराशी काही संबंध नसतो. पण हे तानूला कुणी सांगितलं नव्हतं.

"घाई नको," पारवेभाऊजी म्हणाले. "हत्तीसाहेबांचंही बघून घेऊ."

हत्तीसाहेब आले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कळपाचं नियोजन होतं, पाणवठ्यांचे नकाशे होते, पगारपत्रकं होती.

"आम्ही दोघंच आहोत हो," भिवा म्हणाला.

"वाढाल की पुढे!" असं म्हणत हत्तीसाहेब बाभळीला जरा रेलले. एक फांदी मोडली. अर्धे विणलेले खोपे विहिरीत पडले. "याची तक्रार सपोर्टकडे करा," असं सांगून ते निघून गेले. सपोर्टला कोण असतं, ते मात्र सांगायचं राहिलं.

अशात चंदी बुलबुल आली. तिला अंडी घालायची होती.

"तानूताई, मला आडोशाचा खोपा हवा गं. यंदा माझी पहिलीच वेळ आहे."

भिवाने लगेच पात उचलली. तानूने त्याला अडवलं.

"थांब बाई जरा. आम्ही सिस्टीम निवडतोय. आत्ता ऑर्डर घेतली तर ती जुन्या पद्धतीत जाईल."

"मग कधी येऊ?"

"भाऊजी तुलना करताहेत. झाली की कळवू."

चंदी गेली. पुन्हा आली, तेव्हा सरडेसाहेबांची सिस्टीम बसली होती. तानू तिच्यात चोच खुपसून बसली होती. तिने वर न बघताच सांगितलं, "चंदी, आता वेबसाइटवरून यायचं हं."

बिचारी चंदी शेंड्यावर जाऊन वेबसाइट उघडू लागली. नाव सांगितलं, झाड सांगितलं. मग वेबसाइट म्हणाली, 'तुम्ही खरोखर पक्षी आहात हे सिद्ध करा. ज्या चित्रांत मांजर आहे, ती सगळी चित्रं निवडा.'

चंदी किंचाळली आणि उडाली ती थेट कावळ्याच्या झाडावर. तिच्याकडे वेळ नव्हता. कावळ्याकडे जे तयार होतं, तेच तिने घेतलं.

दोन दिवसांनी वारा सुटला. काटक्या सरकल्या आणि चंदीचं एक अंडं खाली पडलं.

इकडे सिस्टीममध्ये चंदीच्या नावापुढे निळा ठिपका आला: 'थंड ग्राहक'. तिला आपोआप संदेश गेला. 'प्रिय चंदी, आम्हाला तुमची आठवण येते. आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल?'

"तिचं अंडं फुटलंय गं," भिवा हळूच म्हणाला.

तानूने चोच बाहेर काढली. ती तशीच उडत चंदीकडे गेली. चंदी उरलेल्या अंड्यावर पंख पसरून बसली होती.

"मी आत्ता विणते," तानू म्हणाली. "इथेच, तुझ्याभोवती विणते."

तिने पात तोडून आणली आणि वाकवली. पात मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. निवड होईपर्यंत हिरवं गवत वाळून गेलं होतं.

"राहू दे, ताई," चंदी म्हणाली. "मी बसते अशीच."

तानूने कावळ्याच्या काटक्यांत मिळेल तेवढा ओला चिखल भरला. ते अंडं टिकलं. चंदी मात्र पुन्हा तानूकडे काही मागायला आली नाही.

तानूने सिस्टीम काढून टाकली. पण सरडेसाहेबांनी तोवर तिची यशोगाथा सगळ्या जंगलात पसरवली होती. 'आमची सिस्टीम घेतल्यापासून तानूबाईंकडे एकही तक्रार आलेली नाही!' ते खरंच होतं. गिऱ्हाईकच आलं नव्हतं.

पुढच्या हंगामात गवत पुन्हा हिरवं झालं आणि सुतारपक्षी फांदीवर येऊन टेकला. तानूचा जीव भांड्यात पडला.

"बोला भाऊ, कसा खोपा हवा?"

"खोपा नको हो. मी झाडात ढोल्या कोरून देतो. तुमची ती सिस्टीम फार चांगली आहे म्हणे. कुठली घेतलीत?"

तानूने त्याला सगळं सांगितलं. गवत सांगितलं, अंडं सांगितलं. "भाऊ, हात जोडते, घेऊ नका," म्हणाली.

सुतारपक्ष्याने शांतपणे ऐकून घेतलं. खाली उतरल्यावर तो तिथे थांबलेल्या बायकोला म्हणाला, "बघितलंस? स्वतः घेऊन मोठी झाली, आणि आता दुसऱ्याला वर येऊ देत नाही."

आणि तो सरडेसाहेबांना शोधत कुंपणाकडे गेला.

तात्पर्य: मुलांनो, धंद्यात सॉफ्टवेअर आधी घ्यावं. गिऱ्हाइकं असताना ते शिकायला सवड मिळत नाही. ती गेली की वेळच वेळ असतो.