केरबाची हाक आणि बोरांची जाहिरात

एका जंगलात केरबा नावाचा एक म्हातारा वानर राहत होता. कुठलं जंगल ते विचारू नका पोरांनो, तिकडे एसटी जात नाही.

केरबाचं काम पहाऱ्याचं. ओढ्याच्या काठाला एक उंच मोहाचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर बसायचं, चारी दिशांना बघायचं, आणि बिबट्या दिसला की हाक द्यायची. खक्-खक्-खकर. एवढंच. केरबाचा बाप हेच करायचा आणि बापाचा बापही हेच करायचा.

झाडाखाली हरणांचा कळप चरायचा. केरबा वरून पाला खायचा आणि निम्मा खाली सांडायचा. हरणांना वाटे, म्हाताऱ्याचे हात कापतात. हात काही कापत नव्हते. तो टाकायचाच. हरणांचं नाक तिखट, वानराचे डोळे तिखट, तेव्हा एकाने वर बघावं, एकाने खाली हुंगावं, असा जुना करार होता. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून तर टिकला होता.

केरबाच्या बापाने जाताना त्याला एकच गोष्ट सांगितली होती. "केरबा, हाक उधळायची नाही. मधमाशी चावली म्हणून नाही, फांदी मोडली म्हणून नाही. हाक आपली असली तरी तिच्यावर पाय दुसऱ्याचे पळतात."

केरबाने ते जन्मभर पाळलं. एकदा त्याच्या शेपटीला मुंगळे डसले, तर तोंडात पाल्याचा बोळा कोंबून गप्प बसला होता. खाली हरणं चरत होती ना.

त्याच जंगलात एक मोठा वड होता. त्याला म्हणायचे बोलका वड. बोलायचा अर्थातच वड नाही, त्याच्यावरचे पोपट. जंगलात कुठे काही झालं की पोपट ते उचलून आणायचे आणि वडावर बसून पुन्हापुन्हा म्हणायचे. कुणाला शिंक आली, कोण चिखलात पडलं, कुणाच्या पिल्लाने काय मजेशीर केलं. खाली सारं जंगल ऐकायला जमायचं. आवडलं की प्रत्येकाने खोडावर नखाने एक ओरखडा मारायचा. ज्याला नखं नाहीत त्याने शिंग घासायचं. ओरखडे मोजायला एक सुतार पक्षी होता. पलीकडच्या फांदीवर कावळे बसलेले असायचे. ते ओरखडे मारत नसत, नुसते वरून शेरे मारत.

ओरखडे मिळाले तर पुढे काय होतं, असं तुम्ही विचाराल. जास्त ओरखडे मिळाले की आणखी ओरखडे मिळतात. बाकी काही होत नसे.

एके दिवशी काय झालं, बिबट्या ओढा उतरून आला. या बिबट्याला सगळे दादासाहेब म्हणत. भीतीने आदर लवकर येतो. केरबाने हाक दिली, पण तेवढ्यात त्याच्या हातातली फांदी मोडली. तो घसरला, शेपटीवर लटकला आणि तशातच त्याला उचकी लागली. पण पहारा म्हणजे पहारा. तो उलटा लोंबकळत हाक देतच राहिला. खक्-खक्-खकर-उच्. खक्-खक्-खकर-उच्.

हरणं पळाली. दादासाहेब वैतागून परत गेले. काम झालं.

पण समोरच्या पळसावर झिपरू नावाचा पोपट बसला होता. त्याने ती हाक उचलली. दोन खक्, एक खकर, शेवटी उचकी. बिबट्या त्याने गाळला, कारण बिबट्याला चाल बसत नव्हती.

संध्याकाळपर्यंत सारं जंगल खक्-खक् करत होतं. तित्तिरांनी ठेका धरला. मोराने उचकीला मान झटकायची अशी एक पद्धत काढली. रानडुकरं ती पद्धत करायला गेली आणि दोघांच्या माना आखडल्या, तर त्याचंही कौतुक झालं. सुतार पक्षी मोजून मोजून दमला आणि केरबाकडे येऊन म्हणाला की काका, खोड भरलं, आता फांद्यांवर मारतायत.

केरबाने विचारलं, "झाडाला लागलं नाही ना फार?"

सुतार पक्ष्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. त्याने तोही वडावर जाऊन सांगितला. त्यालाही ओरखडे पडले.

केरबाला मात्र रात्रभर झोप नाही. सकाळी तो झिपरूकडे गेला आणि म्हणाला, बाबा रे, ती हाक आहे, गाणं नव्हे, तेवढं थांबव. झिपरू भला पोपट होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, नाव तुमचंच होतंय की."

"नाव मला होतंच रे. केरबा."

 यावर झिपरू, पोपट असल्यामुळे, म्हणाला, "केरबा."

मग केरबा हौसाकडे गेला. हौसा ही कळपातली थोरली हरिणी. तिला नुकतंच पाडस झालं होतं, गवताएवढं. पाडसाला अजून काही कळत नव्हतं, त्यामुळे ती खक्-खक् कानावर आली की ते थरथरायचं आणि आईच्या पोटाखाली शिरायचं. हौसा हसायची. अगं वेडे, गाणं आहे ते, असं म्हणून तिने त्याला मान झटकायला शिकवलं होतं. केरबाच्या देखत तिने पाडसाकडून ते करून घेतलं. पाडसाने मान झटकली आणि कौतुकासाठी आईकडे बघितलं.

 केरबा एवढंच म्हणाला, "हौसाबाई, ते थरथरतं ना, तेच बरोबर होतं."

"केरबाभाऊ, तुम्ही फार जुन्या वळणाचे," हौसा म्हणाली.

आता या गोष्टीत गुलाबराव येतो. गुलाबराव हा कोल्हा. तो बोरं विकायचा. बोरं जंगलात जिथे तिथे पडलेली असायची, खाली वाकलं की मिळायची. पण गुलाबरावचं म्हणणं, नुसती मिळालेली वस्तू कुणाला गोड लागत नाही, आधी तिची जाहिरात झाली पाहिजे. म्हणून वडावर गाणं रंगात आलं की पोपटांना थांबवून तो मधेच उभा राहायचा आणि सुरू करायचा.

"वनबंधूंनो, तुमच्या घरी बोरं आहेत का? नसतील तर का नाहीत? कालपर्यंत मीही तुमच्यासारखाच उदास होतो. मग मला शेजाऱ्याने सांगितलं, गुलाबरावांची बोरं खा. आता माझी झोप सुधारली, शेपूट दाट झाली आणि सासुरवाडीत मान वाढला. गुलाबरावांची बोरं, अगदी बोरांसारखी. एका बोराबरोबर एक काटा मोफत." आणि शेवटी एका दमात, कुणाला कळू नये असं, "बोर-किडकं-निघाल्यास-कोल्हा-जबाबदार-नाही."

हे सुरू झालं रे झालं की खालची सभा उठायची. रानडुकराला चिखल आठवायचा. कासवाला घरचं काम आठवायचं, आणि कासव त्या वेळी ज्या वेगाने जायचं ते बघितलं असतं तर सशाने त्याच्याशी पैज लावली नसती. हरणं पाणी प्यायला ओढ्यापलीकडे जायची. जाहिरात संपली की सगळे परत. गुलाबरावची जाहिरात आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. त्याच्या बायकोनेसुद्धा नाही. एकट्या केरबाला, पहारा सोडून उठता येत नसल्यामुळे, ती शेंड्यावरून सगळी ऐकावी लागे, पण हे गुलाबरावला माहीत नव्हतं.

तो केरबाकडेही येऊन गेला होता. तुमच्या आवाजात बोरांची जाहिरात घेऊ या का, म्हणाला. केरबाने नको म्हटलं. या झाडावरून खोटं बोलायची आमच्यात रीत नाही, असं सांगून त्याने त्याला मूठभर मोहाची फुलं दिली आणि वाटेला लावलं.

आणि मग तो दिवस आला. दुपार कलली होती. पोपटांनी ठरवलं, आज गाणं थेट केरबाकाकांच्याच झाडाखाली करायचं. सारं जंगल मोहाखाली जमलं. केरबा शेंड्यावर बसून होता. त्याने सवयीने चारी दिशांना बघितलं, आणि करवंदीच्या जाळीत त्याला दोन डोळे दिसले.

दादासाहेब आले होते. जाळीच्या सगळ्यात जवळ होतं हौसाचं पाडस.

केरबाने हाक दिली. खक्-खक्-खकर.

खाली आनंदीआनंद झाला. मूळ गायक गायला लागला म्हणून तित्तिरांनी ठेका वाढवला. मोराने पिसारा उघडला. हौसाने पाडसाला पुढे ढकललं, जा, नाच म्हणाली. पाडस दोन उड्या मारून जाळीच्या आणखी जवळ गेलं.

जाळीत दादासाहेब चक्रावले. जन्मभर ही हाक आली की ते मुकाट उठून जात, कारण हाकेनंतर समोर कुणी उरत नसे. आज हाक झाली आणि जेवण त्यांच्याकडे नाचत येत होतं. त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. पण ते दबा धरून बसले.

केरबाने आणखी मोठ्याने हाक दिली. सुतार पक्षी म्हणाला की काकांचा आवाज आज काय लागलाय. मग केरबा सरळ बोलीत ओरडला, "अरे, बिबट्या आलाय. जाळीत बिबट्या आलाय."

एक क्षण सगळे थांबले. मग झिपरू म्हणाला, "नवीन कडवं."

आणि शंभर गळ्यांनी ते उचललं. बिबट्या आलाय, उच्. जाळीत बिबट्या आलाय, उच्. चाल छान बसली. जाळीतले दादासाहेब स्वतःचं नाव ऐकून जरा लाजले.

केरबाचे हात आता खरोखर कापायला लागले. हातातला पाला गळून पडला आणि खाली कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. दादासाहेबांची शेपूट हलायची थांबली होती. शेपूट थांबली की झेप येते, हे केरबाला बापाने शिकवलं होतं. खरं सांगून झालं होतं, तीनदा आणि दोन भाषांत. आता त्याच्याजवळ सांगण्यासारखं खरं काही उरलं नव्हतं.

मग केरबाने खाकरून घसा साफ केला. बापाची मनातल्या मनात क्षमा मागितली. आणि पहाऱ्याच्या झाडावरून, आयुष्यात पहिल्यांदा, तो म्हणाला,

"वनबंधूंनो, तुमच्या घरी बोरं आहेत का?"

ठेका थांबला.

"नसतील तर का नाहीत? कालपर्यंत मीही तुमच्यासारखाच उदास होतो."

रानडुकर उठलं. कासव निघालं. मोराने पिसारा मिटला. केरबा जाहिरातीतल्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचला तोवर तित्तिर दिसेनासे झाले होते. हौसा पाडसाला म्हणाली, चल गं, तोवर पाणी पिऊन येऊ. केरबाने बोलता बोलता पाडसाकडे बघितलं. ते मागे वळलं, ओढ्यात उतरलं, पलीकडच्या काठाला चढलं आणि आईमागे झाडीत दिसेनासं झालं. तरीही केरबाने जाहिरात शेवटपर्यंत म्हटली. काटा मोफत, किडकं निघाल्यास कोल्हा जबाबदार नाही, सगळं. न जाणो, कुणी मागे राहिलं असेल तर.

मागे एकच जण राहिला होता. मोहाच्या खोडामागे गुलाबराव उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला जाळीत दोन डोळे दिसले होते. मिटले नव्हते, इकडेतिकडे फिरले नव्हते. त्याची जाहिरात कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, न हलता, ऐकली होती. तो जाळीपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबलात."

"थांबलो," दादासाहेब म्हणाले.

"बोरं आवडतात?"

"नाही."

"मग काय आवडतं, साहेब?"

 दादासाहेब नुसते त्याच्याकडे बघत राहिले. केरबाला वरून सगळं दिसत होतं. तो गप्प बसला असता तरी त्याला कुणी दोष दिला नसता. पण पहारा सगळ्यांचा असतो. त्याने हाक दिली, खक्-खक्-खकर. सवयीने गुलाबरावने मान झटकली.

आणि गिऱ्हाइकाला अजून पटलेलं दिसत नाही असं वाटून त्याने जाहिरात पहिल्यापासून सुरू केली. उदास होतो इथपर्यंत दादासाहेबांनी सहन केलं. सासुरवाडी आली तशी त्यांनी जांभई दिली. काट्यापाशी ते उठले आणि आल्या वाटेने निघून गेले. एकदा ऐकली होती ती शिकारीच्या आशेने. दुसऱ्यांदा ऐकणं वाघालाही झेपलं नसतं.

"हाही गेला," गुलाबराव म्हणाला आणि तिथेच बसून रडला. केरबाने त्याला खरं सांगितलं नाही. मोहाची फुलं मात्र दोन मुठी टाकली.

दुसऱ्या दिवशी हौसा झाडाखाली आली.  ती म्हणाली, "केरबाभाऊ, तुम्हीसुद्धा? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." वडावर म्हणे आता सगळे हेच बोलत होते, की म्हातारा बोरांना विकला गेला. कावळ्यांनी तर त्याच्या बापाचाही उद्धार केला होता.

केरबाने खाली बघितलं. पाडस त्याने टाकलेला पाला खात होतं. आता त्याला दात फुटायला लागले होते.

"चुकलं बाई," केरबा म्हणाला आणि आणखी थोडा पाला खाली सांडला.

पुढे आठ दिवसांनी घुबडाला शिंक आली. ती अशी काही आली की पोपट केरबाला विसरले आणि शिंकेमागे लागले. नवव्या दिवशी दादासाहेब पुन्हा ओढा उतरले. केरबाने भीत भीत हाक दिली. हरणांनी माना वर केल्या. कुठलं हे जुनं गाणं, ऐकवत नाही बाई, असं म्हणत हौसाने पाडसाला हाकललं आणि सारा कळप उधळला.

भीतीने पळाले काय आणि कंटाळ्याने पळाले काय, पाय तेच असतात. केरबा समाधानाने पाला खाऊ लागला.

तात्पर्य: संकटात सापडलेल्यांना खरं सांगू नये, ते ठेका धरतात. त्यांना बोरं विकावीत.