खचलेल्यांचा मांडव

"खचलेल्या माणसाला एवढा कोरडा बसबूसा देतात होय?" मुअताझ कुरकुरला आणि त्याने रव्याच्या त्या वडीचा तिसरा तुकडा उचलला.

मनाचं आरोग्य हा राष्ट्राचा पाया आहे, आणि हा पाया नेमका परीक्षेच्या आधीच्या महिन्यात खचतो. हे ओळखून इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या मुलांनी फाटकाजवळ, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून, एक मांडव घातला. वर फलक : 'मनातलं बोला, आम्ही ऐकतोय.' (खाली बारीक अक्षरात : दुपारी दोन ते चार. शुक्रवारी बंद.)

कार्यपद्धती सुटसुटीत होती. आलेल्यास खुर्चीवर बसवणे, त्याचे दोन्ही हात हातात घेणे, "कसा आहेस? खरं सांग," असे विचारणे, दीर्घ श्वास घ्यायला लावणे, बसबूसा देणे व फोटो काढणे. श्वास राहिला तरी चालेल, फोटो राहू नये, अशी अध्यक्ष बासंतची सक्त ताकीद होती.

पहिल्याच दिवशी मोहिमेला डोळे दिपवणारं यश मिळालं. आलेले शंभर टक्के विद्यार्थी खचलेले निघाले. डीनसाहेब इतके खूश झाले की त्यांनी आणखी खुर्च्या पाठवल्या.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. परीक्षेआधी 'अभ्यास झाला' म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. नजर लागते. त्यामुळे ज्याचं सगळं पुस्तक पाठ असतं तो गळा काढतो, ज्याचं अर्धं झालंय तो नुसते उसासे टाकतो, आणि ज्याने पुस्तक घेतलेलंच नाही तो शीळ घालत फिरतो. मुअताझ दरवर्षी पहिला येतो आणि दरवर्षी रोज मरतो. मांडवातही तो इतक्यांदा मेला, की धीर देणारी मुलगी शेवटी म्हणाली, "मेल्या, जाताना नवव्या धड्याच्या नोट्स तरी ठेवून जा."

अशा रीतीने समितीला एक शास्त्रीय सूत्र गवसलं : रडणं जितकं मोठं, तितका अभ्यास पुरा.

या सूत्रानुसार वर्गात नस्मा अव्वल ठरली. माझ्या काउंटरला टेकून ती मुअताझला म्हणाली, "माझं संपलंय रे. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

"म्हणजे अकरावा धडाही झाला तुझा?" तो ओरडला. "दे ना नोट्स!" आणि माझ्याकडे वळून, "उम्म हुसाम, आधी माझ्या प्रती काढा हं!"

तिने मांडवात जाऊन बासंतलाही तेच सांगितलं. "अगं, तू नुसती संपलीस, आम्हाला तर पुरूनही झालं," बासंत म्हणाली. "इकडे बघ. हस जरा."

फोटो छान आला.

दुसऱ्या दिवसापासून नस्मा येईनाशी झाली. समितीने प्रकरण गांभीर्याने घेतलं. "दार लावून घोकत बसली असणार, चोरटी!" बासंतने निदान केलं, आणि धसका घेऊन अख्खा वर्ग दुप्पट अभ्यासाला लागला. (एका विद्यार्थिनीच्या गैरहजेरीने वर्गाची गुणवत्ता वाढल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.) फोनवरच्या ग्रुपमध्ये तिला लाल बदाम गेले, दोनशेच्या वर. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पण रिकाम्या हाताने जायचं कसं? मिठाई न्यायची तर कोणती, हे ठरवायला उपसमिती नेमली. ती अजून विचार करतेय.

मधल्या काळात 'माणसं एकमेकांचं दार का वाजवत नाहीत' या विषयावर परिसंवाद झाला. वक्ते थेट कैरोहून आले. दारावर इतकं सुंदर बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

परीक्षा तोंडावर आली. बुधवारी नस्माची आई मांडवात आली, रीतसर रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर खुर्चीत बसली. बासंतने सवयीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "कशा आहात, खाला? खरं सांगा."

"अल्हमदुलिल्लाह," ती म्हणाली. मग तिच्याकडे वाकून, "नस्मा उठत नाही गं, पोरी. जेवत नाही. पडदा उघडू देत नाही. परीक्षेचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. म्हणते, मी सांगून पाहिलं. कुणाला सांगितलं, ते बोलत नाही. इथे लिहिलंय, ऐकतोय म्हणून. तेव्हा म्हटलं, विचारावं."

बासंतने बसबूसा पुढे केला.

"खाला, परीक्षेआधी सगळेच तसं म्हणतात," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला कसं कळणार?"

मांडवाला हायसं वाटलं. मुद्दा बिनतोड होता. मीही मान डोलावली.

"मला कळलं होतं," मुअताझ म्हणाला.

"गप रे," बासंत पुटपुटली.

"थापा मारणारा एक डोळा दुसऱ्याच्या वहीवर ठेवून रडतो, खाला. मी तसाच रडतो. तिचे डोळे कुठेच नव्हते. पण थांबून ऐकत बसलो असतो तर माझी दुपार गेली असती. म्हणून मी नोट्स मागितल्या."

नस्माच्या आईने आपले हात हळूच सोडवून घेतले आणि मांडवभर नजर फिरवली.

"आणि बाकीच्यांना कळलं नव्हतं?"