डाव्या पंखातला आवाज

तपासनीस साहेब यायचे म्हणून फिटर मिशा कोरून शेडवर आला होता. नऊ वर्षं खपून त्याने एक जुनं लष्करी विमान पुन्हा उभं केलं होतं. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. इंजिन त्याचं, कापड बायकोचं. पंखांचा टाका न् टाका तिने हाताने घातला होता. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "उडवा एकदाचं. नाहीतर लोक म्हणतील, दोघांनी मिळून मोठा पतंग केला."

उडवणार होता त्याचा मित्र, कॅप्टन. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र रविवारी संपत होतं आणि पुन्हा मिळण्यासारखे त्याचे डोळे राहिले नव्हते. आज शुक्रवार होता.

साहेबांनी इंजिन पाहिलं, तारा ओढून पाहिल्या, चाकं पाहिली. उड्डाणाच्या परवानगीवर सही करायला पेन काढलं आणि भिंतीपाशी थबकले.

"ही आकृती रिकामी का?"

भिंतीवरच्या फळीवर बायकोने बेचाळीस हत्यारांच्या लाल आकृत्या रंगवल्या होत्या. प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. रोज संध्याकाळी तीच मोजायची. ती गेल्यापासून फिटरने त्या फळीकडे धड पाहिलंच नव्हतं. बेचाळिसावी आकृती कात्रीची होती. कात्री नव्हती.

"असेल इथेच," फिटर म्हणाला.

"इथेच म्हणजे शेडमध्ये की विमानात?" साहेबांनी फळीखालची पाटी मोठ्याने वाचली. "'एक जरी हत्यार कमी असेल, तर विमान जागचं हलणार नाही.' अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग मी वेगळं काय सांगू, काका?"

"अरे, घरी नेली असशील," कॅप्टन म्हणाला.

"आपलं हत्यार शेडबाहेर जात नाही!" फिटर भडकला. "घरातल्या खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला, तर मी खुर्ची इथे आणली. पाना घरी नेला नाही."

शोधाशोध सुरू झाली. सीट काढली, इंजिनची झाकणं काढली. कॅप्टन शेपटीत डोकं घालून बघायला गेला आणि खांद्यापाशी अडकला. दोघांनी त्याचे पाय धरून ओढलं. त्या ओढाओढीत विमान हललं आणि डाव्या पंखात काहीतरी वाजलं. खुळुक.

"पुन्हा हलवा," साहेब म्हणाले.

खुळुक.

"कापड उघडावं लागेल, काका."

फिटर डब्यावर बसला. "तिचे टाके आहेत ते."

"तू तोंड फिरव, मी कापतो," कॅप्टन म्हणाला.

"तू? तुला टाका दिसतोय का?"

शेवटी फिटरनेच ब्लेड घेतलं. दोन टाके निघाले, तिसऱ्याला ब्लेड घसरलं आणि कापड वीतभर आडवं फाटलं. त्याने घरी मुलीला फोन लावला. "असेल ती कात्री घेऊन ये. आत्ता."

अर्ध्या तासात मुलगी आली. तिच्या हातातल्या कात्रीच्या मुठीवर लाल रंगात बेचाळीस लिहिलं होतं.

"ही कुठे मिळाली?"

"बाथरूममध्ये, आरशाखाली. काल तुम्हीच खिशातून आणलीत ना बाबा, मिशा कोरायला? घरातली बोथट आहे म्हणालात."

साहेबांनी फिटरच्या मिशांकडे पाहिलं. मिशा अगदी नीट कोरल्या होत्या.

"झालं, सापडली!" कॅप्टन म्हणाला. "साहेब, करा सही."

"करतो की. पण मग आत वाजतंय काय?"

फिटरने कात्री घेतली, आणखी अठरा टाके कापले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. आत अंगुस्तान होतं. शिवताना बोटात घालायचं तिचं पितळी टोपण.

"हे हरवल्यावर दोन वर्षं मला बोलत होती," तो म्हणाला. "'तुम्हीच कुठेतरी टाकलंत.' दवाखान्यातसुद्धा तेच काढलंन. शेवटी मी म्हटलं, हो बाई, मीच टाकलं."

साहेबांनी फळीकडे पाहिलं. "याची आकृतीच नाही. म्हणजे हे कधी मोजलंच गेलं नाही. आता उजवा पंखही उघडावा लागेल, काका. आणखी काय मोजायचं राहिलंय, कोणास ठाऊक."

"रविवारपर्यंत..." कॅप्टनने सुरुवात केली आणि चष्मा पुसत बसला.

"मी टाकलं नव्हतं," फिटर मुलीला म्हणाला. मग कॅप्टनकडे वळला. "ऐकलंस ना? मी टाकलं नव्हतं."

"ऐकलं रे."

"साहेब, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. लिहून देऊ का?" साहेब सहज बोलून गेले.

"द्या."

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग उड्डाणाच्या परवानगीसाठी आणलेला कागद उलटा करून त्यांनी लिहिलं, 'डाव्या पंखात अंगुस्तान सापडलं. फिटरने टाकलेलं नाही.' खाली सही केली.

फिटरने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. अंगुस्तान बोटात घालून पाहिलं. ते करंगळीच्या नखापर्यंतच गेलं. विमान पुन्हा शिवायचं होतं आणि आता ते त्यालाच शिवायचं होतं. कात्री उचलून तो उजव्या पंखाकडे गेला.