थ्वेटसरांचं मार्मालेड

डेझमंड थ्वेट यांना एका जागी घडीभर बसवत नसे, आणि इंग्रजी क्रियापदं चुकवणारा माणूस तर मुळीच सोसत नसे. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ते चर्चच्या हॉलमध्ये परदेशातून आलेल्यांना फुकट इंग्रजी शिकवत. (फुकट असल्यामुळे कुणाला तक्रारही करता येत नसे.)

एके दिवशी त्यांची बायको म्युरिएल केस कापून घ्यायला निघाली, तेव्हा शेगडीवर मार्मालेड, म्हणजे संत्र्यांचा सालींसकट मुरंबा, रटरटत होतं. शनिवारी ते गावच्या स्पर्धेत जाणार होतं. तिथे शेजारच्या पार्जेटरबाई वर्षानुवर्षं पहिला नंबर अडवून बसल्या होत्या. एकदा तरी त्यांना हरवायचं, एवढीच म्युरिएलची इच्छा.

"थंड बशीत थेंब टाक, बोटाने ढकल. सुरकुती पडली की गॅस बंद. तेवढं लक्ष ठेवशील ना?"

"जन्मभर मुलांवर लक्ष ठेवलंय मी."

"म्हणूनच विचारतेय."

ती गेली आणि पॅसेजमधला फोन खणखणला. पलीकडे सरांचा विद्यार्थी बोगदान, रुमानियाचा प्लंबर.

"सर, लुक, सी आणि वॉच. तिन्ही डोळ्यांनीच करायचं, मग शब्द तीन कशाला?"

झालं, सरांच्या अंगात आलं. येरझाऱ्या घालत ते सुरू झाले. "लुक म्हणजे मुद्दाम नजर वळवणं. सी म्हणजे आपोआप दिसणं. वॉच म्हणजे, जे बदलणार आहे त्यावरून नजर न हटवणं. उदाहरणार्थ, मी आत्ता मार्मालेड वॉच करतोय."

"स्वयंपाकघरात आहात?"

"पॅसेजमध्ये."

"मग ते वॉच कसं, सर?"

सर वळले.

"आता काय दिसतंय?"

"धूर."

बोगदान तारेची घासणी घेऊन धावत आला. पातेलं चकचकीत झालं, पण बरणीत भरायचं काय? फडताळात पार्जेटरबाईंनी भेट दिलेली ताज्या मार्मालेडची बरणी होती. (बाकीचं आटून गेलं, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं.)

शनिवारी म्युरिएल पहिली आली, पार्जेटरबाई दुसऱ्या. परीक्षकांच्या मते पार्जेटरबाईंच्या चवीत यंदा काहीतरी कमी होतं. म्युरिएल आनंदाने रडली, आणि सरांनी इकडेतिकडे बघत टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी दोघी नेहमीप्रमाणे वर्गात चहा द्यायला आल्या. बोगदान हौसेने उभा राहिला.

"लुक, सी, वॉच, तिन्ही शब्द मी वापरलेत, सर. सरांनी पातेल्याकडे पाहिलं नाही. सरांना धूर दिसला. सर पार्जेटरबाईंचं मार्मालेड आपल्या बरणीत भरत होते, ते मी शेवटपर्यंत बघत राहिलो."

चहाची किटली हवेतच थांबली.

"डेझमंड," म्युरिएल शांतपणे म्हणाली, "वाक्यं बरोबर आहेत?"

सरांनी जिवाच्या आकांताने चूक शोधली. एखादा काळ, एखादं अव्यय, काहीही चाललं असतं.

"बरोबर आहेत," ते पुटपुटले.

पार्जेटरबाईंनी स्वतःच्या कपात साखर घातली आणि सावकाश ढवळली.

"म्हणजे पहिला नंबरही माझाच आणि दुसराही माझाच. फार छान शिकवता हो तुम्ही."