हाळीच्या तीन अटी

फुकट दिलेल्या वस्तूसोबतची अट पाळणे मानवजातीला अद्याप जमलेले नाही. याचा सर्वांत जुना पुरावा आमच्याच मालवण तालुक्यात, धामापूरच्या तळ्याकाठी आहे. तिथे पूर्वी भगवतीला फुले वाहून मागणे केले, की लग्नापुरते सोन्याचे दागिने परडीतून पाण्याबाहेर येत, असे सांगतात. अट एकच: लग्न उरकले की परत करा. कोणीतरी ते परत केले नाहीत आणि योजना बंद पडली. (चौकशी समिती नेमली गेली नाही. देवीला कामकाजाची पद्धत ठाऊक नसावी.) हल्ली ओपन सोर्स म्हणून परदेशातून काहीतरी आले आहे म्हणतात, ते हेच. फक्त परडी बदलली.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या तळेबांध गावातही अशी एक परडी तयार झाली. पुण्यात संगणकाची नोकरी करून कंटाळलेल्या सुगंधाने गावी परत येऊन 'हाळी' नावाचा प्रोग्राम लिहिला. गावाला काही कळवायचे असेल, नळाला पाणी आले, वादळ येतेय, की सर्वांच्या फोनमधून माणसाच्या आवाजात हाक येते. आवाज आमच्या बाबली गावकरांचा. देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचाच, त्यामुळे घशाची हमी पिढीजात. प्रत्येक हाळीच्या आरंभी ते म्हणतात, "आयकतास काय रे मेल्यांनो!" आणि मग एकदा खोकतात. खोकला काढून टाकावा असे सुगंधाचे मत होते. बाबलींनी तो मानाचा प्रश्न केला.

सुगंधाने हाळी साऱ्या जगाला फुकट दिली. अटी तीन:

एक, करणारीचे नाव पुसू नये.

दोन, कोणी सुधारणा केली तर ती सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो त्या ओळींसकट, सर्वांना खुली करावी.

तीन, हाळी वापरणारा तळेबांधच्या वेशीतला समजला जाईल व गावची रीत पाळील.

(पहिल्या दोन अटी जगभर चालतात. तिसरी बाबलींनी घालायला लावली. तिला जगात तोड नाही.)

हाळीत खोट एकच होती. रेंज गेली की तिचा घसा बसे. जमिनीवर हे चालून जाते, पण सुगंधाचा नवरा गुरुप्रसाद होडी घेऊन समुद्रात जाणारा. गेल्या वर्षी वादळाची हाळी त्याला पोचली तेव्हा तो कसाबसा किनारा गाठून, ओलाचिंब, चहा पीत बसला होता. "दर्यात जाव नको," असे हाळीने त्याला अत्यंत कळकळीने सांगितले. तेव्हापासून तो समुद्रात असला की सुगंधाच्या घशाखाली पेज उतरेना.

आता 'उत्तुंग सोल्युशन्स' या पुण्याच्या कायदाप्रेमी कंपनीकडे वळू. हिच्या स्वागतकक्षात भिंतीवर पितळी अक्षरांत 'सचोटी' असे लिहिलेले आहे (अक्षरे रोज पुसली जातात). या कंपनीने हाळी उचलली, तिचे नाव 'कॉलेक्स' ठेवले आणि कचेऱ्यांना आपापल्या कर्मचाऱ्यांना हाका मारण्यासाठी विकली. अट एक: सुगंधाचे नाव केवळ स्वच्छतेच्या दृष्टीने पुसले. अट दोन: रेंज नसतानाही हाक पोचेल अशी नामी सुधारणा केली आणि ती कुलुपात ठेवली. अट तीन कोणी वाचली नाही. याबद्दल कंपनीला दोष देणे अन्यायाचे होईल. अटी वाचून 'मान्य' दाबणाऱ्यांचे प्रमाण आम्ही गावात मोजले आहे. ते शेकडा शून्य आहे. सुगंधाची सासू धरली तर एक, पण तिचा चष्मा सध्या दुरुस्तीला आहे.

चोरी उघडकीस आली ती डॉल्फिनमुळे. पुण्याच्या एका पाहुण्याला गुरुप्रसाद डॉल्फिन दाखवायला रेंजच्या पार पलीकडे घेऊन गेला होता. तिथे पाहुण्याचा खिसा गरजला, "आयकतास काय रे मेल्यांनो!" आणि खोकला.

"आयकतंय बाबलीकाका!" गुरुप्रसाद हातातले सुकाणू सोडून उभा राहिला.

पाहुण्याने समजावले, की ही त्याच्या ऑफिसने उत्तुंगकडून विकत घेतलेली कृत्रिम बुद्धिमत्ता असून ती साडेदहाच्या मीटिंगला बोलावते आहे.

सुगंधाने कंपनीला पत्र लिहिले: नाव नाही घातले तरी चालेल, पण रेंजची सुधारणा तेवढी खुली करा, आमची माणसे समुद्रात असतात. उत्तर तत्काळ आले. तिचा अभिप्राय मोलाचा असून कंपनीला ती पाचपैकी किती तारे देईल, अशी विचारणा होती. तिने पुन्हा लिहिले. कंपनीने तारे पुन्हा मागितले.

मग ती मालवणात रामचंद्र वकिलांकडे गेली. वकिलांची हयात काजूच्या बागांच्या गडग्यांवरून, म्हणजे दगडी कुंपणांवरून, भांडणाऱ्या भावांत गेलेली.

"सोर्स कोडाचो गडगो खंय आसा?" त्यांनी विचारले.

"गडगो नसता, वकीलसायब."

"बरा. तुझ्या झाडाची फांदी तेंच्या बाजूक गेली?"

"अख्खा झाड गेला."

"फळां कोण खाता?"

"तेच."

वकील प्रसन्न झाले. "केस घट्ट आसा गो. तुझ्या नातवंडांक निकाल गावतलो."

नातवंडांच्या अगोदर पाऊस येणार होता. तेव्हा गावाने न्यायदानाची उपलब्ध असलेली सर्वांत जलद यंत्रणा वापरली. बाबली गावकरांनी देवळात गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, पुण्याच्या कंपनीन आमच्या सुगंधाची हाळी नेल्यान!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"नेल्यान ता नेल्यान, तिचा नाव पुसल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"रेंज नसताना हाळी घालूची विद्या केल्यान, आणि ती उशाखाली घेवन निजली! ती सोर्स कोडासकट परत देवची तिका बुद्धी दी, आणि गुरुप्रसादाची होडी वादळाआधी बंदराक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याच बैठकीत गावपळणीचा कौल लागला. म्हणजे असे: देवाच्या पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की देवाचा होकार. आणि गावपळण म्हणजे काही वर्षांनी एकदा अख्खा गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहतो. परत यायचे तेही कौल मिळाल्यावरच. उजवी पाकळी पडली. सुगंधाने रीतीप्रमाणे हाळीचे बटण दाबले.

कंपनीने नाव तेवढे पुसले होते. प्रोग्राम तळेबांधकडे कान लावून बसतो, ती ओळ तशीच होती. (वाचली असती तर पुसली असती.) देशभरातल्या कचेऱ्यांतून बाबलींचा आवाज घुमला: "आयकतास काय रे मेल्यांनो! गावपळण! चुली इझवा, दारां ओढून घेवा, गुरां-कोंबडी घेवन वेशीभायर चला! मागे वळान बघू नकात!"

कर्मचारी शिस्तीचे. एका विमा कचेरीने चूल नसल्यामुळे कॉफीचे यंत्र विझवले. एका मॉलने आपली दोन मांजरे घेऊन महामार्ग ओलांडला. एका सरकारी खात्यात काहीच फरक पडला नाही (ते आधीपासूनच वेशीबाहेर होते). खुद्द उत्तुंगच्या मुख्यालयातून सारे इंजिनिअर रांगेने बाहेर पडले. कोंबडीची अडचण मनुष्यबळ विभागाने सोडवली. कॅन्टीनच्या फ्रीजरमधली एक गोठवलेली कोंबडी पिशवीत घेतली गेली.

कंपनीचे संचालक देवेश यांनी इंजिनिअरांना फोन केला. "कौल मिळेपर्यंत परत येता येत नाही, सर," उत्तर आले. "सिस्टीममध्ये तसं आहे."

देवेश गाडी काढून तळेबांधला आले. गाव रिकामा. वेशीबाहेर झावळांच्या राहुट्यांत लोक पत्ते खेळत होते.

"हे ताबडतोब थांबवा," ते म्हणाले.

"सॉफ्टवेअर कोणाचा?" बाबलींनी विचारले.

"आमचं. आमच्या टीमने शून्यातून उभारलंय."

"मगे गावपळण पण तुमचीच. माका कित्याक इचारतास? आपल्या देवाक कौल लावा."

"अहो, हा आवाज आमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे!"

"व्हय? मगे तिका माझो खोकलो कसो?" बाबली म्हणाले, आणि पुराव्यादाखल खोकले.

देवेश चटईवर बसले. सुगंधाने त्यांना पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुगंधाचे नाव परत घालायचे मान्य केले. रेंजची सुधारणा मात्र व्यावसायिक गुपित असल्याचे सांगून त्यांनी आणखी एक बांगडा मागितला.

चौथ्या दिवशी बाबलींनी परतीचा कौल लावला. पाकळी हलेना. ऊन चढले, गुरे हंबरू लागली, देवेशच्या फोनवर एकेक ग्राहक रडू लागला. पाकळी जागची हलत नव्हती.

"कोणाकडे काय तरी ऱ्हवला आसा," बाबली म्हणाले. कोणाकडेही पाहिले नाही.

सुगंधा म्हणाली, "माका तुमचा काय नको, सायब. माझाच माका देवा."

देवेशनी कुलूप उघडले. सोर्स कोड सुगंधाच्या फोनवर पोचला आणि उजवी पाकळी टपकन पडली. (त्या वेळी वाराही सुटला होता, असे काही सुशिक्षित म्हणतात. वारा कोणी सोडला, यावर ते गप्प बसतात.)

पुढच्याच आठवड्यात वादळाची हाळी गेली. सुगंधा किनाऱ्यावर फोन कानाला लावून उभी होती. रेंजच्या कितीतरी पलीकडून उलट हाळी आली: "आयकलंय गो! जाळा ओढतंय. बाबलीकाकाक सांग, कान फुटले!" वारा उठायच्या आत होडी वाळूवर होती. त्या रात्री सुगंधा दोन ताटे पेज जेवली.

फुकट दिलेल्या वस्तूच्या अटींची अंमलबजावणी कशी करावी, हे शिकायला आता लांबून लोक येतात. हाळी सगळीकडे पसरली आहे: बसच्या तिकिटांत, गॅसच्या नोंदणीत, शाळेच्या सूचनांत, प्रत्येक ठिकाणी सुगंधाचे नाव आणि तिन्ही अटींसह. तुमच्याही फोनमध्ये ती आहे. तुम्ही 'मान्य' दाबलेत, फारच चटकन दाबलेत. तेव्हा पुढच्या गावपळणीला तुमची वाट पाहू. राहुटी आम्ही बांधू, बांगडाही आमचा. कोंबडी मात्र ज्याची त्याने आणायची. गोठवलेली चालणार नाही.