आयकरापायी अडलेलं लग्न

पत्रिका जुळत नाही म्हणून लग्नं अडतात. हंबीररावांचं आयकरापायी अडलं होतं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्यांचा चटणी-मसाल्याचा छोटा कारखाना होता आणि अंबूबाई त्यात भागीदार. बाईंचे यजमान वारले, त्यांचा हिस्सा बाईंकडे आला आणि तेव्हापासून चटणीला चव आली, असं गिऱ्हाइकंच सांगत. पुढे दोघांचं जमलं. घरच्यांनीही मान डोलावली. पण मुहूर्त काढायला गुरुजींकडे जाण्याऐवजी हंबीरराव आधी वकिलाकडे गेले आणि तिथंच घोडं अडलं. एकाच धंद्यात नवरा-बायको भागीदार असले, की बायकोचा नफाही नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात आणि कर चढतो, असा तेव्हाचा कायदा वकिलानं सांगितला.

"फुडल्या वर्षी बघू," हंबीरराव म्हणाले, आणि दर वर्षी तेच म्हणत राहिले. हिस्सा सोडून नुसती बायको म्हणून यायला अंबूबाई तयार नव्हत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

अशात आयकराचे साहेब कारखाना बघायला आले. मिरचीच्या खकाण्यानं हंबीररावांना ठसका लागला. अंबूबाईंनी साहेबांसमोरच त्यांना फैलावर घेतलं, गूळ-पाणी प्यायला लावलं आणि खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्यातून न विचारता पैसे काढून चहा मागवला. साहेब संसारी गृहस्थ होते. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. आठवड्यात नोटीस आली, की तुम्ही लग्न लपवता आहात.

हंबीररावांची झोप उडाली. शेजारच्या बाबालाल शिंप्याला साक्षीला घेऊन ते कचेरीत गेले. अंबूबाईंनाही बोलावणं होतंच. बाबालाल खोटं न बोलणारा माणूस.

"लगीन काय झालं न्हाय साहेब," तो म्हणाला. "पर भांडत्यात रोज. बाई रुसल्या की हे जेवत न्हाईत. ह्यांच्या सदऱ्याचं मापबी बाईच सांगत्यात."

हंबीररावांनी त्याचा पाय तुडवून पाहिला, पण उपयोग झाला नाही. साहेब भराभर लिहून घेत होते. शेवटी हंबीरराव हात जोडून उभे राहिले.

"अंबाबाईची आण घेतो साहेब. ही निस्ती भागीदार हाय. दुसरा काय संबंध न्हाय."

साहेबांची लेखणी थांबली. देवीची खोटी शपथ कोल्हापुरात कोणी कराच्या कामी खर्चत नाही, हे ते जाणून होते. पण ते 'निस्ती' अंबूबाईंना फार लागलं. इतक्या वर्षांचं वाट बघणं या माणसानं एका शब्दात निकालात काढलं होतं. साहेबांनी उगीच रीत म्हणून त्यांना विचारलं.

"झालंय लगीन," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. "घरच्या घरी, हार घालून. कर वाचवाय हे बोलत न्हाईत."

बाहेर आल्यावर हंबीररावांनी बाईंना गाठलं. "असं का वो बोललासा?" त्यांनी विचारलं. बाई चालू लागल्या. हंबीरराव जागीच उभे राहिले. बायकोचा कर आता भरावाच लागणार होता. आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू दुकानात सोडून येणाऱ्यांतले ते नव्हते. ते धावत मागे गेले.

"अंबूबाई, थांबा की. कर भरायचा आन बायकू तिच्या घरात, ह्ये मला परवडायचं न्हाय. ह्याच आठवड्यात हार घालू."

अंबूबाई थांबल्या. त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"आदी कर भरून या," त्या म्हणाल्या. "तुमचा काय भरवसा न्हाय."

आणि कर किती होतो ते साहेबांना विचारायला हंबीरराव पळतच परत कचेरीत शिरले.